मस्कतचा खोका

"पोटगी मागायची तर नोटीस पाठवायची कुठे? नवऱ्याचा मस्कतचा पत्ता आणा. त्याच्या हातचा असला तर उत्तमच," वाशीच्या वकीलबाई आबिदाला म्हणाल्या.

तसा पत्ता बोनकोड्याला, तिच्या पोटमाळ्यावर होता. तिला तलाक देण्याआधी इद्रीस दर रमजानला मस्कतहून सामानाचा खोका पाठवायचा. शेवटचा खोका तिने सहा वर्षं जपला होता. कुणी विचारलं तर गोधड्या ठेवायला आहे म्हणायची. गोधड्या कपाटात होत्या. खोका रिकामाच होता.

तिने तो खाली उतरवला, धूळ पुसली. कोपऱ्यात काळ्या मार्करने त्याचा पत्ता, आणि शेजारी हे एवढं मोठं 'आबिदा'. अक्षर कसं मोत्यासारखं.

"मेल्या," ती पुटपुटली, "अक्षरासारखा वागला असतास तर काय बिघडलं असतं?"

मग खोक्यात तोंड घालून तिने वास घेतला. साबणाचा थोडासा अजून येत होता.

दुसऱ्या दिवशी तिने पत्त्याचा पुठ्ठा वकीलबाईंसमोर ठेवला.

"छान. पण इथे कडेला कापलंय. काय लिहिलं होतं?"

"माझं नाव," आबिदा फटकन म्हणाली. "ते तुमी टाईप करा."