दाजींची टिकटिक

दाजींनी चारही चाकांनी ओढणारी फोर-व्हील गाडी घेतली तेव्हा पेढ्यांबरोबर ज्ञानही वाटलं. "आमच्या फुडच्या एक्सलला सीव्ही जॉइंट हाय. तुमच्या जीपला अजून क्रॉसच हाय न्हवं?" पिंपळीचे हे आमचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. बॉनेट कुठून उघडतं हे त्यांना शोरूमवाल्याला तीनदा विचारावं लागलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी बहिणीसमोरच म्हणालो.

पुढच्या चाकाला वळायचंही असतं आणि ओढायचंही असतं, म्हणून एक्सलला मनगट लागतं, तोच जॉइंट. माझ्या जुन्या जीपला ते क्रॉसचं, म्हणजे बेरजेच्या चिन्हासारख्या लोखंडी तुकड्याचं. दाजींच्या गाडीला गोळ्यांचं, म्हणजे सीव्ही: वाटीत गोळ्या, भोवती ग्रीस, वरून रबरी बूट. वळणावर क्रॉस हिसके देतो, गोळ्या देत नाहीत, एवढं दाजींचं खरं. पण बूट फाटला की ग्रीस बाहेर, माती आत, आणि वळताना टिकटिक सुरू.

दाजींनी हौसेनं गाडी तुटलेल्या उसाच्या रानात घातली आणि जमिनीत उरलेल्या टोकदार बुडख्यांनी बूट फाडला. मग या गृहस्थांनी काय करावं? फुटक्या पाइपाला बांधतात तशी सायकलची ट्यूब गुंडाळून तारेनं आवळली. आता टिकटिक आपोआप थांबेल, असा त्यांचा समज. बारामतीत ते वळणावर दिसले की मी चारचौघांत म्हणायचो, "दाजी आले, घड्याळं लावून घ्या."

वर उपदेशही करायचो. "स्टिअरिंग पुरतं वळवल्यालं असताना रेस द्यायची नसती, दाजी. जॉइंट तुटतो." ते बिचारे "व्हय, व्हय" म्हणायचे.

माझ्या वडिलांना, आबांना, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी बारामतीला न्यावं लागतं. एक फेरी चुकली तरी त्यांना धाप लागते. सणसरला आमचं घर रानात, वाट काळ्या मातीची. एका शुक्रवारी सकाळी शेजाऱ्याचा पाट फुटला आणि वाटेचा चिखल झाला. बहिणीचा फोन आला, "ह्यांना गाडी घिऊन लावून देती."

"नगं," मी म्हणालो. "ट्यूब बांधल्याली गाडी चिखलात काय करनार? आपली क्रॉसची हाय."

आबांना बसवलं, जीपचा फोर-व्हीलचा गिअर टाकला आणि निघालो. मधल्या वळणावर जीप रुतली. मी स्टिअरिंग पुरतं वळवलं आणि चिडून रेस दिली. खाट् आवाज झाला. पुढचा क्रॉस तुटला होता. आबांनी फक्त मनगटावरच्या घड्याळात बघितलं. लाज गिळून बहिणीला फोन लावला.

अर्ध्या तासात दाजी आले, ऊस गेलेल्या रानातून, बुडखे तुडवत, टिकटिकत. ट्यूब सुटून खाली लोंबत होती. त्यांनी आबांना धरून आपल्या गाडीत बसवलं.

मला राहवलं नाही. "दाजी, बूट पार गेलाय. गाडी लई वाजती."

आबांनी काच खाली केली. "वाजती, पर चालती," ते म्हणाले. "तू नुसताच वाजतोस."