रांजणातली घरघर

…तर पॉक दरामानने जिन्याखालच्या वाळूत रोवलेल्या रांजणात तिसऱ्यांदा डोकं घातलं, आणि या खेपेला तो लवकर वर येईना. त्याची बायको, मोक एसा (पॉक-मोक म्हणजे तिकडचे काका-काकू), पाठीशी उभी राहून आकडे मोजत होती. चाळीस झाले, पन्नास झाले. साठला तिने त्याच्या उघड्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे तो वर आला.

"आहे?" तिने विचारलं.

"आहे. समुद्रात होती तीच. जात्याची घरघर. लांब कुणीतरी रिकामं जातं फिरवत बसल्यासारखी."

एसाने डोक्यावरचं कापड सोडलं आणि स्वतः रांजणात डोकं घातलं. तिला आपल्या छातीचे ठोके ऐकू आले. बाकी काही नाही.

"मग तुमचा कानच गेला," ती तोंड पुसत म्हणाली. "समुद्रातही तेच आणि रांजणातही तेच, म्हणजे ती घरघर तुमच्या डोक्यात आहे. सुटलो म्हणा."

कान गेला म्हणून बायकोने सुटकेचा श्वास टाकावा असे दिवस आले होते, आणि त्यालाही जरा हलकं वाटलंच.

कारण त्रेंगानूच्या त्या किनाऱ्यावर दरामानचे कान म्हणजे काही एकट्या दरामानची मालमत्ता नव्हती. तलुक केरिंग गावातली मोठी जाळी त्याच्या कानावर पडत. पहाटे होड्या बाहेर गेल्या की तो लहान पडावातून पाण्यात उतरायचा, एका हाताने पडावाची कड धरायची आणि डोकं पाण्याखाली. वर सगळे चिडीचूप. कुणाला शिंक आली तरी नाक दाबून धरायची. ढोमा मासा बेडकासारखा डराव डराव करतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बांगड्याचा थवा तेलात माशाचे पापड फुलताना वाजतात तसा वाजतो, तारली वाळूवर पावसाची भुरभुर यावी तशी, आणि थवा येतोय की जातोय, शंभर टोपल्यांचा की दहाच्या आतला, हे सांगणारा गावात तो एकटा. त्याने हात वर केला की जाळं पडायचं. तीस वर्षं असंच चाललं.

मागच्या हंगामात मात्र त्याने तारली म्हणून हात वर केला आणि जाळ्यात आली दोन होड्या भरून जेलीफिश. खलाशांचे हात आठ दिवस सुजलेले होते. तेव्हापासून तांडेल एंबोंगच्या तोंडाला आयतं खाद्य मिळालं. हा एंबोंग गावातल्या सर्वांत मोठ्या होडीचा तांडेल, अंगाने रेड्यासारखा, मनाने वाईट नव्हे, पण जीभ अशी की माणूस घरी जाऊनही खाजवत बसेल. चहाच्या टपरीवर दरामान दिसला की म्हणायचा, "पॉक, इकडे या. माझ्या बायकोला आठवा महिना चालू आहे. जरा कान लावून सांगा, मुलगा की जेलीफिश?"

दरामान हसायचा. घरी आल्यावर मात्र कान तपासायला एसाला लांबून दोनदोनदा हाक मारायला लावायचा.

आता त्या वर्षी पुळणीचंही काही ठीक नव्हतं. कार्तिक लागला की तिथे ईशान्येचा वारा सुटतो, तो तीन महिने. होड्या माडांत ओढून ठेवायच्या, खांबांवर उभ्या घराखाली बसून जाळी विणायची, मीठ लावलेले मासे आणि साबुदाणा खाऊन राहायचं. त्या तीन महिन्यांत समुद्र वाळू ओढून नेतो. मग वारा पडतो, ऊन येतं, आणि नेलेली वाळू तो चैत्र-वैशाखात मुकाट आणून देतो. एसा हे लहानपणापासून बघत आलेली. घराच्या जिन्यापासून पाण्यापर्यंत ती दर उन्हाळ्यात चालून बघायची. ऐंशी पावलं. कधी अठ्ठ्याहत्तर, कधी ब्याऐंशी.

त्या उन्हाळ्यात बेचाळीस भरली. वाळू परत आलीच नाही. ज्येष्ठात मोठ्या कासविणी अंडी घालायला वर आल्या, त्या सुरूच्या झाडांपर्यंत गेल्या, आणि एक तर एसाच्या जिन्याखाली खड्डा करून बसली. शेजारणी म्हणाल्या, नशीब उघडलं तुझं, अंडी दाराशी आली. एसाने अंडी काढली नाहीत. कासविणीला एवढ्या वर कशाला यावंसं वाटलं असेल, हेच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. श्रावणात विहिरीचं पाणी मचूळ झालं. आश्विनात तिने पुन्हा पावलं मोजली. एकतीस.

आणि नेमका त्याच पंधरवड्यात समुद्र तेलासारखा गुळगुळीत पडलेला. वारा सुटायच्या आधीचे हे शेवटचे दिवस, मासा किनाऱ्याला लागतो, वर्षाची खरी कमाई यातच. दरामान चार दिवस पाण्यात उतरला आणि चारही दिवस त्याला मासा ऐकूच आला नाही. ऐकू आली ती घरघर. मग एसानेच रांजणाची युक्ती काढली, ती वर सांगितली.

कान गेला तर गेला, औषध तरी बघू, म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं तिजाकडे निघाली. तिजा म्हणजे एसाची धाकटी बहीण. नदी ओलांडून दोन मैल आत, भाताच्या खाचरांपलीकडे तिचं घर. जायफळ आणि लसूण घालून ती तेल कढवायची. म्हातारे लांबलांबून यायचे.

तिजाने भावोजींना ओट्यावर आडवं केलं, कानात तेल सोडलं आणि बहिणीशी बोलत बसली. अर्ध्या तासाने दरामान उठला. दाराशी पाय धुवायचा मोठा रांजण होता. सवयीने म्हणा की कशाने, त्याने वाकून त्यात डोकं घातलं.

"भावोजी, घरात पाणी प्यायला पेला आहे हो," तिजा म्हणाली. "आणि त्यात माणसं पाय धुतात."

दरामान वर आला. त्याने डावा कान झटकला, उजवा झटकला, पुन्हा डोकं घातलं. परत वर आला तेव्हा त्याच्याकडे बघून तिजाचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"काय झालं?" एसाने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "इथे काहीच नाही. तळाशी डासाची एक अळी वळवळतेय, ती ऐकू येते. घरघर नाही."

तिजा म्हणाली, "बघा माझ्या तेलाचा गुण." आणि तिने बाटली भरून बरोबर दिली. एसाने ती घेतली. पण तिला उमगलं होतं. कानातली घरघर कानाबरोबर दोन मैल चालत आली असती. ही आली नाही. ती किनाऱ्यावर, त्यांच्या जिन्याखालच्या वाळूतच राहिली होती.

परतताना बांधावरून एकामागे एक चालावं लागतं. दरामान पुढे होता. खाचरांच्या मध्यावर तो थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "एसा, तोक सुलोंगने मरताना मला एक सांगितलं होतं."

तोक सुलोंग म्हणजे दरामानचा गुरू. त्याच्या आधी गावासाठी तोच समुद्र ऐकायचा.

"काय?"

"त्या वर्षी, तू बारा वर्षांची होतीस तेव्हा, त्यांनाही ही ऐकू आली होती. नऊ दिवस. त्यांना वाटलं, वय झालं, कान वाजतात. हसतील म्हणून कुणाला बोलले नाहीत."

त्या वर्षी. उत्तरेची आळी, अकरा घरं, एका रात्रीत समुद्राने नेलेली. एसाची आई त्यातल्या तिसऱ्या घरात होती. एसा आणि तिजा आजीकडे आत राहायला गेलेल्या, म्हणून वाचल्या. सकाळी पुळणीवर फक्त खांब उभे होते, तेही तीन.



"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"तीस वर्षं."

"तीस वर्षं माझ्या हातचं जेवलात," एसा म्हणाली. मग थोड्या वेळाने, "चला. ऊन चढतंय."

त्या संध्याकाळी दरामान टपरीवर गेला. होता नव्हता तो धीर गोळा करून सांगितलं, की मासेमारी थांबवा, पुढच्या आळीतली घरं उचलून सुरूच्या मागे, नदीकाठच्या उंचवट्यावर न्या. आता तिकडे घर उचलणं हे काही नवल नव्हे. लाकडी घरं, लाकडाच्याच खुंट्यांनी जोडलेली. कौलं उतरवायची, भिंतींचे तट्टे काढायचे, खालून बांबू बांधायचे आणि चाळीस माणसांनी खांद्यावर घेऊन चालू लागायचं. मागून घरधनी पिवळ्या चिकट भाताची पातेली चढवतो. पण हे सगळं माघ-फाल्गुनात, हात रिकामे असताना. ऐन मासळीच्या दिवसांत चाळीस माणसं किनाऱ्यावर थांबवायची म्हणजे चेष्टा.

एंबोंगने सगळं ऐकून घेतलं. "पॉक, हे तुम्हाला समुद्राने सांगितलं?"

"समुद्राने. आणि रांजणाने."

"घरच्या रांजणाने?" एंबोंगने सगळ्यांकडे वळून बघितलं. "आमच्या घरी तर बायको सांगते, रांजण गप्प असतो. तुमच्याकडे उलटं दिसतंय."

टपरी हसली. हसून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, वारा तर अजून जमिनीकडूनच येतोय. दुसरा म्हणाला, पाणी बघा, आरशासारखं. आणि जेलीफिशची आठवण कुणीतरी काढलीच. दरामान उठून घरी आला.

"काय म्हणाले?" एसाने विचारलं.

"पाणी आरशासारखं आहे म्हणाले."

"आहेच," एसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजानंतर होड्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा खलाशांना दिसलं की दरामानच्या घरावर कुणीतरी चढलंय. मोक एसा. छप्पन्न वर्षांची बाई, सारोंग गुडघ्यावर खोचलेलं, आढ्यापाशी बसून एकेक कौल काढत होती. काढायचं, फुंकून धूळ उडवायची, खाली उभ्या दरामानच्या हातात द्यायचं. घाई नाही. जणू मिरच्या वाळत टाकायच्या आहेत.

शेजारची मोक याम जिन्यात आली. "एसाबाय, डोकं फिरलं का तुझं? पडशील ना."

"माझी आई घरात होती," एसा वरून म्हणाली. "छपरावर असती तर तिला दिसलं तरी असतं."

मोक यामने तोंडाला हात लावला. ती काही वेळ उभी राहिली, मग घरी गेली आणि नवऱ्याला होडीतून उतरवून घेऊन आली. त्याच्या मागून त्याचा भाऊ. उत्तरेच्या आळीतलं ज्याचं कुणी ना कुणी गेलं होतं, ते एकेक करून वाळूतून चालत आले. म्हाताऱ्या बाईला कौलं काढताना बघत पुरुषाने समुद्रावर जावं, हे त्या गावात बसत नव्हतं. नऊ वाजेपर्यंत कौलं उतरली, तट्टे निघाले आणि घर नुसत्या सांगाड्याचं उरलं. बाया भाताला लागल्या.

बांबू बांधून झाले तेव्हा माणसं मोजली. एकोणचाळीस.

समुद्र तसाच. एक लाट नाही. फक्त ओहोटीची वेळ टळून गेली होती आणि पाणी काही मागे हटलेलं नव्हतं. हे एसाला दिसलं, आणखी दोघाचौघांना दिसलं. त्या सकाळी पुळणीवर एकही खेकडा नव्हता.

तेवढ्यात एंबोंग आला. त्याची होडी वीस माणसांची, आणि त्यातले अकरा इथे बांबूखाली उभे, तेव्हा तो समुद्रावर जाणार कसा. रागाने लाल झाला होता. सरळ दरामानसमोर उभा राहिला.

"पॉक, मासळी दाराशी आलीय आणि तुम्ही माझी माणसं घर वाहायला लावलीत. अल्लाला स्मरून एकच सांगा. ही घरघर समुद्रातली की तुमच्या कानातली?"

सगळे बांबूखालून बघत राहिले. एसाने पातेल्यातला डाव तसाच धरला. कोपऱ्याच्या खांबाशी चाळिसाव्या माणसाची जागा रिकामी होती. दरामानने एकदा समुद्राकडे बघितलं, मग एंबोंगकडे.

"कानातलीच असू दे, हीच दुआ मी रात्रंदिवस मागतोय, तांडेल," तो म्हणाला. "ती कबूल होईपर्यंत तू तो खांब धर."