न पोतारलेली ओळ

भिंतभाऊंचा उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कायम काळं असायचं. जेवायला बसण्याआधी ते राखेनं हात घासत, तरी नखांच्या कडेला कोळसा राहायचाच. परक्या माणसाला वाटे, हे लोहार असावेत. ते होते धानाचे शेतकरी, शाळा चौथीपर्यंत, आणि बोटं काळी व्हायची ती वाचनापायी. पुस्तकातलं काही पटलं की भाऊ चुलीतला विझलेला कोळसा उचलत आणि दारासमोरच्या मोठ्या भिंतीवर ते लिहून टाकत. म्हणून मूल नावाचं ते सारं गाव त्यांना भिंतभाऊ म्हणायचं. त्यांचं खरं नाव फक्त पटवाऱ्याला ठाऊक असावं.

मी तेव्हा मूलला धानाच्या गिरणीत कारकून होतो. नागपूरहून आलो होतो, मॅट्रिक झालो होतो, आणि चांदा जिल्ह्यातल्या त्या गावावर मी उपकार करायलाच उतरलो आहे अशी माझी समजूत होती. भाऊंच्या घरातली एक खोली मी भाड्यानं घेतली. माझ्या ट्रंकेत कपडे थोडे आणि वह्या जास्त. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकातली वाक्यं मी त्यांत उतरवत असे, चांगली निळ्या शाईनं आणि फार चांगली तांबड्या शाईनं. पहिल्याच आठवड्यात मी त्या वह्या भाऊंसमोर सहज पसरून ठेवल्या. सहज म्हणजे, त्यांचं लक्ष जाईल अशा बेतानं.

भाऊंनी एक वही चाळली. "अक्षर मोत्यावानी हाय, बाबू. यातलं केलं काय काय?"

"करायचं असं नाही," मी म्हणालो. "लक्षात राहावं म्हणून काढतो."

"मंग राह्यलं का?" त्यांनी मधलं एक पान उघडून वही छातीशी धरली आणि मला विचारलं, "सांगा, इथी काय लिवलं हाय?"

मला काही सांगता आलं नाही. तांबड्या शाईचं पान होतं ते.

"तुमी तं पुस्तकाची नक्कल काढून राह्यले," भाऊ म्हणाले आणि वही मिटून परत दिली. वही मिटणं त्यांना आवडत नसे. "मिटली का गेलं. भिंत मिटता येत नाई. जेवाले बसलं का समोर, भांडाले बसलं का समोर."

भिंतीचा त्यांचा नेम ठरलेला होता. लिहिलेलं एकदा करून पाहिलं की ती ओळ पुसायची. दिवाळीच्या आधी बाई, म्हणजे भाऊंची बायको, पांढऱ्या मातीनं घर पोतारायला काढत. त्यांना वाचता येत नसे. हातात मातीचा बोळा घेऊन त्या एकेका ओळीवर बोट ठेवत आणि विचारत, "हे झालं का?" भाऊ म्हणत, "झालं, पोतार," किंवा "नाई झालं, राहू दे." त्यामुळे भिंतीवर उरायचं ते फक्त भाऊंकडून न झालेलं. लोक आपल्या घरात देवाच्या तसबिरी लावतात, या माणसानं आपली थकबाकी लावली होती, आणि तीही येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

करून पाहिलेलं फसलं तरी चालायचं. शेतकी पुस्तकात दोरी लावून रांगेत धानाची रोपं रोवायची पद्धत वाचून भाऊंनी आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, तशी रोवणी केली. रोवणाऱ्या बाया हसून हसून चिखलात बसल्या. "भाऊनं धानाले शाळेत बसवलं," असं गावभर झालं. पण धान झकास आलं. ओळ पोतारली गेली. पुढं मधमाश्या पाळायचं पुस्तक मीच वाचनालयातून आणून दिलं. ते करून पाहताना भाऊंचा चेहरा असा सुजला की बाईंनी त्यांना त्या दिवशी आवाजावरून ओळखलं. तीही ओळ पोतारली गेली. "फसलं त फसलं," भाऊ सुजलेल्या ओठांनी म्हणाले. "केलं का नाई?"

मलाही त्यांनी कोळशाचा एक तुकडा दिला आणि माझ्या खोलीची भिंत दाखवली. मी बराच विचार करून, वळणदार अक्षरात 'कमी बोलावे' असं लिहिलं. गिरणीचे शेठ एकदा काही कामानं खोलीवर आले, तेव्हा कमी बोलण्याचा काय उपयोग होतो हे मी त्यांना इतका वेळ समजावून सांगितलं की ते आले कशाला होते तेच विसरून गेले. दर दिवाळीला बाई माझ्या दारात येऊन विचारत, "बाबूजी, तुमचं झालं का?" मग माझ्याकडे पाहून त्याच उत्तर देत, "राहू द्या," आणि बोळा घेऊन परत जात.

भाऊंच्या मोठ्या भिंतीवर मात्र एक ओळ मी आल्यापासून होती. 'चुकीचा शब्द आपण होऊन परत घ्यावा.' कोणत्या पुस्तकातली ते भाऊंनाही आठवत नव्हतं. पण ती कोणाबद्दल आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

भाऊंचा धाकटा भाऊ दौलत त्याच भिंतीच्या पलीकडे राहायचा. घर एकच, मधे भिंत घातलेली, अंगण सामाईक. दोघांच्या बांधीही एकमेकींना लागून, भाऊंची वर आणि दौलतची खाली. एका वर्षी पाऊस ओढला. तलावाचं पाणी पाळीनं सोडत होते, आणि भाऊंच्या बांधीतलं पाणी सकाळी पाहावं तो उतरलेलं आणि दौलतच्या बांधीत चढलेलं. तलावाच्या काठावर सगळे शेतकरी जमले असताना भाऊ दौलतला म्हणाले, "चोरा, मागून घेतलं असतं त देल्लं असतं." दौलत तिथून निघून गेला. पुढं दोन बांधींमधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, खणला तेव्हा आत खेकड्यांची बिळं सापडली, आरपार गेलेली. पाणी खेकड्यांनी नेलं होतं. हे भाऊंनी स्वतः पाहिलं, स्वतः बुजवलं, आणि घरी येऊन ती ओळ भिंतीवर लिहिली.

लिहिली, पण केली नाही. मी विचारलं की त्यांच्याकडे कारण तयार असे. रोवणी होऊ द्या. कापणी होऊ द्या. एकदा म्हणाले, "चार लोकाईत बोल्लो, बाबू, त परतही चार लोकाईतच घ्याले पायजे. घरात जाऊन कानात सांगतलं त ते चोरून सांगतल्यासारखं होते." बोलणं खोटं नव्हतं. पण रांगेतली रोवणी त्यांनी चार लोक हसत असताना केली होती, तेव्हा त्यांना मुहूर्त लागला नव्हता. मग मीच एकदा मध्यस्थी करायला दौलतकडे गेलो, समेटाबद्दल वहीत उतरवलेली वाक्यं पाठ करून. दौलत मासे पकडायचं जाळं शिवत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे दादानं सांगून धाडलं का?" मी म्हणालो, "नाही, पुस्तकात आहे." "मंग पुस्तकाले माहा रामराम सांगा," तो म्हणाला.

पुढच्या दिवाळीत ते घडलं. या खेपेला पोतारणं लांबून दिवाळीच्या सकाळवर आलं होतं; भाऊ बांधीवर गेले होते आणि बाई पोतारत होत्या. त्या ओळीपाशी त्या आल्या. विचारायला कोणी नव्हतं. विचारूनही उत्तर काय येणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बोळा बुडवला आणि ती ओळ पोतारून टाकली.

दौलतला अक्षर येत नव्हतं, पण नेम येत होता. थोड्याच वेळानं अंगणातून जाताना त्यानं उघड्या दारातून ती भिंत पाहिली, सगळी पांढरी. पोतारलं म्हणजे झालं, आणि हे आपल्याशिवाय होणार कसं, म्हणजे दादा आता बोलणार, असा त्यानं अर्थ लावला. तो घरी जाऊन धुतलेला सदरा घालून आला आणि भाऊंच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, येऊन बसला. शेजारचे दोघेतिघे फराळाला आलेले होतेच, मीही होतो. भाऊंना हवे असलेले चार लोक आयते जमले होते. बाईंनी दौलतपुढं ताटली ठेवली. तो खाईना. वाट पाहत राहिला.

भाऊ आले. दौलतला पाहून दारातच थबकले. त्यांचा चेहरा असा हलला की मला वाटलं, आता बोलतात. तेवढ्यात त्यांची नजर त्याच्यावरून भिंतीकडे गेली.

"हे कोनं पोतारलं?"

"मीनं," बाई म्हणाल्या. "आता बसा. भाऊजी आले हायेत."

"झालं नाई ते पोतारलं काऊन?"

"आता होते ना. तो बसला हाय. बोला."

"आधी पोताराचं आन् मंग कराचं, असा नेम हाय का?" भाऊ सरळ चुलीपाशी गेले, कोळसा उचलला आणि ओल्या पांढऱ्या मातीवर ती ओळ पुन्हा लिहायला लागले. चुकीचा शब्द, आपण होऊन, परत घ्यावा. कोळसा ओल्यात रुतत होता, म्हणून ते दाबून, सावकाश लिहीत होते. न केलेल्याचं श्रेय घ्यायचं नाही, हा त्यांचा खरेपणा होता. त्या खरेपणाच्या पाठीमागे दौलत धुतला सदरा घालून बसला होता.

मी तिथंच होतो. 'भाऊ, तो कोळसा ठेवा आणि मागं वळा,' इतकंच म्हणायचं होतं. शेठजींना तासभर पिडणारा मी तेव्हा ताटलीतल्या करंजीकडे पाहत बसलो. 'कमी बोलावे' हे माझं टिपण आयुष्यात एकदाच वापरलं गेलं, ते त्या दिवशी.

दौलत उठला. दारापाशी थांबला. "लिव, दादा," तो म्हणाला. "अक्षर चांगलं हाय तुहं." आणि अंगण ओलांडून गेला.

धानाची कापणी झाल्यावर गावातली काही माणसं आलापल्लीकडे सागाच्या तोडीला जात. दौलत त्याआधी कधी गेला नव्हता. त्या वर्षी गेला. तिकडच्या तापानं त्याला तिकडेच धरलं, आणि मूलला आला तो फक्त निरोप. भाऊ निघाले, पण पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आले. न्हाले, आणि बाईंना म्हणाले, "पांढरी माती काढून दे."

"कशाले?"

"पोतारतो ते."

बाई रडत होत्या, पण उठल्या नाहीत. "ते झालं नाई," त्या म्हणाल्या. "झालं नाई ते पोताराचं नाई. नेम तुमचाच हाय."

भाऊंनी मातीचं मडकं स्वतः काढलं नाही. त्यांना काढता आलं असतं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पुस्तकही मागितलं नाही. वर्षभरात माझी नोकरी गोंदियाला गेली. निघताना मी माझ्या खोलीतली ओळ तशीच ठेवली. पोतारायचा हक्क मला मिळाला होता, पण तो बजावायची लाज वाटली.

फार वर्षांनी एका लग्नासाठी मूलला गेलो, तेव्हा भाऊंकडे गेलो. भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बाई वाकल्या होत्या, पण दर दिवाळीला घर पोतारत होत्या, ती एक ओळ सोडून. थरावर थर चढून भोवतीची भिंत जाड झाली होती आणि ओळ एका खोलगट पट्टीत राहिली होती, अक्षरं पुसट झालेली. भाऊ बोलता बोलता त्या पट्टीच्या कडेवरून बोट फिरवत होते. बोट आता स्वच्छ होतं.

"दिसत नाई," ते म्हणाले, "पन हाताले लागते." मग त्यांनी विचारलं, "बाबू, तुमी अजून काढता का टिपणं?"

"काढतो."

"वहीत?"

"वहीत."

"बरं करता," भिंतभाऊ म्हणाले. "वही मिटता येते."