मामींचा ओवा आन माझा डोळा

आमच्या घरमालकीन मामींच्या हाती कारभार दिला तर भिंगारातले समदे दवाखाने आठ दिवसात बंद पडतील. खोकला, पोट, ताप, मामींकडं समद्यावर ओवा. माझ्या पोरीला दात येत हुते तर तिच्या उशाला ओव्याची पुरचुंडी, आन वरचा भाडेकरू जिन्यावरनं पडला तर त्याच्या गुडघ्याला बी ओवाच. त्यो म्हनला, "मामी, हाड मोडलंय." तर म्हनल्या, "मंग दोन चिमट्या जास्ती लाव."

मला जाड चष्मा लहानपनीच लागला. शाळा नववीतच सुटली, चष्मा काय सुटला न्हाई. बाळंतपनानंतर उजव्या डोळ्यापुढं दोन-चार धागे तरंगायचे, आभाळाकडं बघितलं की जास्ती. मी पोरीच्या तोंडावरनं चिलटं हाकलत बसायची आन चिलट एक बी नसायचं. मामी बघायच्या, म्हनायच्या, "धागे वाढत न्हाईत ना गं? मंग असू दे. चोवीस वर्साची घोडी, भिती कशाला."

पन त्या सकाळी भाकरी थापताना डोळ्याच्या कडंला वीज चमकल्यावानी झालं, परत झालं, आन मंग काळे ठिपके, चुलीतली राख उडावी तसे, लई. मला वाटलं आता पोरीचं तोंड दिसायचं बंद हुतं का काय. पळतच मामींकडं गेले, म्हनलं ओवा द्या, काय बी द्या. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"वीज दिसती? आजच?"

"व्हय."

"कडंनं पडदा आल्यावानी सावली?"

"अजून न्हाई."

"मंग चप्पल घाल. डोळा माझ्या हातचा न्हाई."

रिक्षात पोर त्यांच्याच मांडीवर. नगरच्या डोळ्याच्या दवाखान्यात खिडकीवरची बाई म्हनली नंबर लावा, तर मामी म्हनल्या, "लावते की, पन आधी डॉक्टरला सांग, हिला डोळ्यात वीज दिसती." लगेच आत घेतलं. थेंब टाकले, लाईट मारून बघितलं. डॉक्टर म्हनले आतल्या पडद्याला चीर पडलीय, तिथंच लेसर मारला. म्हनले, जुने दोन-चार धागे असले तर घाबरायचं न्हाई, एकदा दाखवून घ्यायचं, पन अचानक ठिपके वाढले, वीज दिसली, सावली आली, तर त्याच दिवशी यायचं, वय कितीबी असू दे. बरं झालं आजच आलात.

घरी येताना मी इचारलं, "मामी, तुमाला हे कसं ठावं?"

मामींनी मांडीवरच्या पोरीचं टोपरं नीट केलं. मंग म्हनल्या, "धाकट्या बहिनीला असंच झाल्तं. मी तिला तीन दिवस घरीच ठेवली. आता एकाच डोळ्यानं दिसतं तिला. माझ्या दारात येत न्हाई."

मी त्यांचा हात धरला. थेंबांनी समदं धूसर हुतं, हात बी नीट दिसत नव्हता, पन धरला.