परण्या, डीजे आणि पोलिसांचा वायरलेस

परवाना नसताना पोलिसांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकणं हा गुन्हा आहे, ही माहिती मला खुद्द पोलिसांनीच दिली. तीही भर रस्त्यात, सगळ्या वऱ्हाडासमोर!

वाटूरजवळच्या आमच्या शेतात मोबाईलला रेंज नाही, म्हणून मी ऑनलाइन वॉकीटॉकीची जोडी मागवली. एक सेट शेतात, एक घरी. बायकोचा आवाज त्यावर कधीच आला नाही (हा दोष मी निमूटपणे सोसला), पण बटण फिरवता फिरवता एक दिवस चक्क पोलीस बोलायला लागले!

हे मी मेव्हण्याला, बाळूला, सांगितलं. त्याच्या पोराचं लग्न तोंडावर आलं होतं आणि त्याचा जीव परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, अडकला होता. नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवात पोहोचेपर्यंत डीजे वाजलाच पाहिजे! त्याच्या चुलतभावाचा डीजे पोलिसांनी अर्ध्या रस्त्यात बंद केल्ता. तसली शोभा बाळूला नको होती.

"दाजी, तुम्ही फकस्त ऐकत राहा. गाडी निघाली की सांगा, आवाज बारीक करू. ती पुढं गेली, की मंग आपलंच राज्य!"

"बिलकुल!" मी छाती फुगवली.

परण्या निघाला. डीजेपुढं सेट कानात कोंबला तरी काही ऐकू येईना. शेवटी डीजेच्या गाडीवरच चढलो. तेवढ्यात सेटमधून आमच्या गावाचं नाव आलं! मी माइक हिसकावला आणि बोंबललो, "बंद करा! पोलीस!"

डीजे थांबला. वऱ्हाड थिजलं. घोडी तेवढी नाचत राहिली. आणि माझ्या एका हातातला सेट, दुसऱ्या हातातल्या माइकला खेटून, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा बोलला,

"राहू द्या हो, लग्नाचं घर हाय. आत्ता जातील मांडवात. आपण फाट्यावरच थांबू. ओव्हर!"

फाटा हाकेच्या अंतरावर. स्वतःचाच आवाज डीजेवरून ऐकून साहेब जल्दी आले.

"कोणाचाय हा सेट?"

सगळ्या वऱ्हाडाने माझ्याकडे बोट दाखवलं. घोडीनेसुद्धा मान वळवली.

"साहेब, मी काही बोललो न्हाई, नुसतं ऐकून राह्यल्तो!"

"परवान्याशिवाय ऐकणंबी गुन्हाच, काका. अन् तुम्ही तर साऱ्या गावाला ऐकवलं!"

सेट जप्त, डीजे बंद, मला सज्जड दम. परण्या मांडवापर्यंत चपला घासत गेला.

बाळूचा पोलिसांवर मात्र काडीचा राग नाही. लग्नाचा व्हिडिओ दाखवताना तो पाहुण्यांना आवर्जून सांगतो, "साहेबांनी सोडल्तं हो आम्हाला. दाजींनी पकडून दिलं!"