रजेचा अर्ज

मिरजगावच्या स्टँडवर नगरची एसटी लागली तेव्हा तात्यांनी, माझ्या वडिलांनी, माझी वळकटी खिडकीतून आत ढकलली. बहात्तरचा दुष्काळ, विहिरीत खडखडाट. तात्या आणि आई दोघंही दुष्काळी कामावर खाणीत खडी फोडत होते. "इंग्रजीत पास झालाईस," तात्या म्हणाले, "आता तुजं कुठंबी आडायचं न्हाई." मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

ती इंग्रजी कसली होती, हे हायस्कूलच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्यांनो, तुम्हाला ठाऊकच आहे. सरांनी जुन्या प्रश्नपत्रिका चाळून पाच निबंध आणि तीन पत्रं निवडली होती. वडिलांना ताप आला म्हणून रजेचा अर्ज, हे त्यातलं पहिलं. बोलायचं कधी शिकायचं, असं मी एकदा विचारलं. "बोलायला मार्क नसतात," सर म्हणाले. त्यांचा तरी काय इलाज? निकाल घसरला की संस्था त्यांनाच धारेवर धरायची. आम्ही स्वल्पविरामासकट घोकलं.

नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात मी टेंपरवारी लागलो. दोन महिने झाले आणि गावचा माणूस गेटवर आला. "खानीत तात्यांच्या छातीवर दगूड पडला. लगीच चल."

न विचारता गेलो तर नाव कमी होणार, आणि माझ्या पगाराशिवाय घरचं धान्य भागत नव्हतं. साहेब परप्रांतातले, अर्ज इंग्रजीतच लागे. मी कागद घेतला. खाण, दगड, छाती, काहीच इंग्रजीत मांडता येईना. शेवटी पाठ होता तो अर्ज हाताने आपोआप उतरवला. त्यातला ताप तसाच राहिला.

साहेबांनी खणातून चार अर्ज काढून माझ्या अर्जाशेजारी मांडले. आमच्याच जिल्ह्यातल्या पोरांचे. अक्षर वेगळं, ओळ न् ओळ तीच. ते हसले. मी मराठीत दगडाचं सांगू लागलो, तर त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. मी मुकाट्याने मशीनवर गेलो. त्याची लाज मला आजही वाटते.

रविवारच्या सुट्टीला घरी पोचलो, तोवर तात्यांना जाऊन दोन दिवस झाले होते.

"अर्जात काय लिवलं हुतंस?" आईने विचारलं.

"ताप आलाय म्हणून."

"त्यांला ताप कवा आलता रं?"

पुढे मी नोकरीत कायम झालो, नगरला घर बांधलं, कामापुरती इंग्रजी बोलायलाही शिकलो. आई त्या घरी कधी राहायला आली नाही. मीच गावी जातो. ती वाढते, मी जेवतो, तात्यांचा विषय कोणी काढत नाही. माझं घर आता एवढंच उरलंय. अर्ज मात्र अजून पाठ आहे.