कुलगुरूंचं स्वागत

परवा एका समारंभात गळ्यात झेंडूचा हार पडला आणि त्या ओलसर, उग्र वासानं मला कितीतरी वर्षांमागे, पालघरजवळच्या एका कॉलेजच्या अंगणात नेलं.

तेव्हा मी कुलगुरूंची सचिव होते. कॉलेजला जाताना वाटेत बोईसरला एका कारखानदाराकडे आम्ही जेवायला थांबलो. तळलेली सुरमई होती, गार सोलकढी होती. गप्पा रंगल्या आणि उशीर झाला. पोचलो तेव्हा फाटकापासून मुली हार घेऊन उन्हात उभ्या होत्या. त्यांतली एक, पाड्यावरून येणारी किडकिडीत मुलगी, नुकतीच चक्कर येऊन पडली होती.

सर गाडीतून उतरले आणि तिच्याशेजारी धुळीत बसले.

"बाळ, सावलीत का नाही गेलीस?"

"तुमी येणार होते ना, सर." तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

सरांची मान खाली गेली. "आम्ही जेवत बसलो होतो," ते म्हणाले. "चुकलं माझं."

प्राचार्य, प्राध्यापक भोवती जमले होते. मी वाकून पुटपुटले, "सर, उठा. लोक बघतायत." मला त्यांचीच लाज वाटत होती. कुलगुरूंनी असं बसावं?

ते उठले नाहीत. ती पाणी प्यायली, बाकीच्या मुली सावलीत गेल्या, तोवर तिथेच बसून राहिले.

आज त्या पदावर मी आहे. माझ्यासाठी कोण किती वेळ उभं होतं, हे मला कुणी सांगत नाही. आणि मीही विचारत नाही.